मोटारीच्या विम्याचा हप्ता का वाढतो?

कृष्णाकाठच्या एका गावात आमचा रात्रीचा वर्ग भरतो. दिवसाची कामे आटोपली, जेवणे झाली, की बाया-माणसे वह्या घेऊन येतात. पहिले काही महिने आपण अक्षरे शिकलो. आता आपण कागद वाचतो. सातबारा वाचतो, विजेचे बिल वाचतो, सोसायटीची पावती वाचतो.

एका रात्री तात्या आले ते तणतणतच आले. तात्यांची एक मोटार आहे. शेतावर जायला, दूध डेअरीला न्यायला, आजारी माणसाला कराडच्या दवाखान्यात पोचवायला ती कामी येते. तात्यांच्या हातात एक कागद होता. तो त्यांनी आमच्यापुढे ठेवला.

"गुरुजी, हे बघा. गेल्या साली गाडीच्या विम्याला ८,७५१ रुपये भरले. औंदा एजंट म्हणतोय १३,४७१ भरा. गाडी तीच, मालक तोच, रस्ता तोच. मग पैसं वाढलं कशानं? ही लूट न्हाई तर काय? मी तर ठरवलंय. औंदा विमाच काढत न्हाई. पोलिसानं धरलं तर दोन हजार दंड भरीन आन मोकळा हुईन."

आम्ही म्हणालो, "तात्या, विमा काढायचा की नाही ते मागून ठरवा. आधी कागद वाचा. आता तुम्हाला वाचता येते. अडेल तेथे आपण सगळे मिळून सोडवू."

तात्यांनी चष्मा लावला. एकेक ओळ त्यांनी मोठ्याने वाचली. आम्ही ती फळ्यावर लिहिली. मालकाच्या स्वतःच्या अपघात-विम्याचे थोडे पैसे वेगळे असतात. हिशेब सोपा व्हावा म्हणून ते आम्ही सोडून दिले.

गेल्या साली:
दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा – ३,४१६ रुपये
आपल्या गाडीचा विमा – ४,००० रुपये
कर, १८ टक्के – १,३३५ रुपये
एकूण – ८,७५१ रुपये

यंदा:
दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा – ३,४१६ रुपये
आपल्या गाडीचा विमा – ८,००० रुपये
कर, १८ टक्के – २,०५५ रुपये
एकूण – १३,४७१ रुपये

फळ्याकडे पाहिल्याबरोबर एक वहिनी म्हणाल्या, "पहिल्या ओळीत तर काहीच वाढलं नाही. वाढलं ते दुसऱ्या ओळीत. कर वाढला तो त्याच्यापायी."

वहिनींनी बरोबर ओळखले. आता असे का झाले ते पाहू या. पण त्याआधी विमा म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे.

सामाईक डबा

समजा, एका गावात १०० घरे आहेत. प्रत्येक घरी एक बैल आहे. एका बैलाची किंमत ५०,००० रुपये. दर वर्षी गावातले २ बैल मरतात. कोणाचे मरतील, हे आधी कोणालाच ठाऊक नसते. ज्याचा बैल जातो तो कर्जात बुडतो.

मग गावकरी एक युक्ती करतात. सगळे मिळून एक डबा ठेवतात. २ बैलांचे १ लाख रुपये लागणार. म्हणून प्रत्येक घर डब्यात १,००० रुपये टाकते. ज्याचा बैल मेला त्याला डब्यातून ५०,००० मिळतात. ९८ घरांना काहीच मिळत नाही. पण त्यांचे बैल गोठ्यात उभे असतात आणि वर्षभर त्यांना निर्धास्त झोप लागते.

पुढच्या साली रोग आला. २ च्या जागी ३ बैल मेले. आता दीड लाख लागले. घरटी वर्गणी १,५०० झाली. त्याच्या पुढच्या साली बैल महागले. एक बैल ६०,००० ला मिळू लागला. पुन्हा ३ बैल मेले. आता १ लाख ८० हजार लागले. वर्गणी १,८०० झाली.

वर्गणी कोणी वाढवली? डबा सांभाळणाऱ्याने नाही. डब्यातून जेवढे जाते तेवढे डब्यात यावे लागते. नाहीतर डबा रिकामा होतो. डबा सांभाळणाऱ्याची मजुरी आणि थोडा नफाही त्यातूनच निघतो.

विमा कंपनी म्हणजे हाच डबा, पण फार मोठा. लाखो गाडीवाले त्यात हप्ता टाकतात. हप्ता वाढण्याची कारणे दोनच. एक, नुकसानीचे प्रसंग वाढतात. दोन, प्रत्येक नुकसान भरून द्यायला जास्त पैसा लागतो. बाकीची सगळी कारणे या दोहोंच्या पोटात येतात.

विमा आपल्या मुलखाला नवा नाही. १९१३ साली अण्णासाहेब चिरमुले यांनी साताऱ्यातच वेस्टर्न इंडिया ही आयुर्विम्याची कंपनी काढली होती. १९५६ साली देशातला आयुर्विमा सरकारने आपल्या हाती घेतला, तेव्हा ती आयुर्विमा महामंडळात गेली. माणसाच्या आयुष्याचा विमा आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे. गाडीच्या विम्याचा हिशेब मात्र अजून पुष्कळांना ठाऊक नाही.

पहिली ओळ : दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा

याला सगळे 'थर्ड पार्टी' म्हणतात. आपल्या गाडीने दुसऱ्या कोणाला इजा झाली, कोणी मेले, किंवा कोणाच्या वस्तूची मोडतोड झाली, तर त्याची भरपाई या विम्यातून होते. आपल्या गाडीचे काही बिघडले तर त्यातून एक पैसाही मिळत नाही.

हा विमा कायद्याने सक्तीचा आहे. १९३९ च्या मोटार कायद्यात ही सक्ती होती. आज लागू असलेल्या १९८८ च्या कायद्यातही ती आहे. विमा नसताना गाडी चालवली तर पहिल्या खेपेस २,००० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. पुन्हा धरले तर दंड ४,००० रुपये.

"मग मी काय म्हणत होतो?" तात्या म्हणाले. "दोन हजारच की."

तेव्हा मागच्या बाकावरून एक मावशी बोलल्या. त्या वर्गात सहसा बोलत नाहीत.

"तात्या, माझ्या मालकांना रातच्याला रस्त्यावर एका जीपनं उडवलं. त्या जीपला विमा नव्हता. कोर्टानं पैसे द्या म्हणून सांगितलं. पण त्या माणसाजवळ होतं काय? त्याचं अर्धा एकर रान इकलं, तवा थोडं माझ्या हातात आलं. त्याचंबी घर बुडालं आन माझंबी. दोन हजाराचा हिशेब करू नका."

वर्ग गप्प झाला. तात्याही गप्प झाले.

कोर्ट भरपाई कशी ठरवते, ते आम्ही फळ्यावर मांडले. अपघातात माणूस गेला की त्याच्या घरचे लोक मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करतात. भरपाई कशी मोजावी, याची रीत सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ सालच्या निकालांत घालून दिली आहे.

समजा, ३० वर्षांचा एक गवंडी अपघातात मेला. तो महिना १५,००० रुपये मिळवी. त्याच्यामागे बायको, दोन मुले आणि म्हातारी आई आहे. वर्षाची कमाई झाली १,८०,०००. तो जगता तर त्याची कमाई पुढे वाढली असती, म्हणून त्यात ४० टक्के मिळवतात. झाले २,५२,०००. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा भाग वजा करतात. राहिले १,८९,०००. तिसाव्या वर्षी गेलेल्या माणसासाठी या रकमेला १७ ने गुणतात. उत्तर येते ३२,१३,०००. यात आणखी थोडी रक्कम इतर बाबींची पडते.

एका गवंड्याच्या घरासाठी ३२ लाखांहून जास्त! तात्यांच्या गाडीचा थर्ड पार्टीचा हप्ता ३,४१६ रुपये. म्हणजे सुमारे ९४० गाड्यांचा वर्षाचा हप्ता त्या एका घराला जातो. आणि तो जायलाच हवा. त्या पैशावर चार माणसे जगायची आहेत.

आता पाहा. मजुरी वाढली, कमाई वाढली, की भरपाईही वाढते. अपघात वाढले की भरपाया वाढतात. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. म्हणजे रोज सुमारे ४६० माणसे. डब्यातून किती पैसा जात असेल, याचा विचार करा.

थर्ड पार्टीचे दर कंपनी आपल्या मनाने लावीत नाही. ते आधी विमा नियामक प्राधिकरण ठरवीत असे. २०२२ साली ते केंद्र सरकारने जाहीर केले. १,००० ते १,५०० सीसीच्या खाजगी मोटारीला २०१८-१९ साली २,८६३ रुपये पडत. २०१९ च्या जूनमध्ये ते ३,२२१ झाले. १ जून २०२२ पासून ३,४१६ झाले.

पण दर नेहमी वाढतातच असेही नाही. ७५ ते १५० सीसीच्या मोटारसायकलीला २०१९ साली ७५२ रुपये होते. २०२२ साली ते ७१४ झाले. म्हणजे दर हिशेबावर ठरतो. कधी तो खालीही येतो.

दुसरी ओळ : आपल्या गाडीचा विमा

दोन्ही भाग मिळून जो विमा होतो त्याला लोक 'फुल इन्शुरन्स' म्हणतात. त्यातल्या आपल्या गाडीच्या भागाचा दर २००७ सालापासून कंपन्यांना मोकळा आहे. एक कंपनी एक भाव सांगते, दुसरी दुसरा सांगते. हा भाग का वाढतो?

पहिले कारण, दुरुस्ती महागली. पूर्वी मोटारीला पोलादी बंपर असे. ठोकला गेला तर लोहार तो सरळ करून देई. आता बंपर प्लास्टिकचा असतो. तो तडकला की सहसा नवाच घालावा लागतो. काही गाड्यांत त्याच्या मागे बारीक यंत्रे बसवलेली असतात. पुढे हवेची पिशवी असते. तिला एअरबॅग म्हणतात. जोराची धडक बसली की ती फुगून माणसाचा जीव वाचवते. पण एकदा फुगली की नवी घ्यावी लागते. जीव वाचतो हे मोठे. पण खर्च वाढतो हेही खरे.

दुसरे कारण, पूर आणि वादळे. हे आपल्याला कोणी सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५ साली पूर आला होता. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा आला. घरे बुडाली, दुकाने बुडाली, दारातल्या गाड्याही बुडाल्या. २०१५ साली चेन्नईत असेच झाले. डबा सगळ्यांचा एकच असतो. चेन्नईत गाड्या बुडाल्या तरी पैसा त्याच डब्यातून जातो, आणि सांगलीत बुडाल्या तरी त्यातूनच. विमा कंपनीसुद्धा मोठ्या संकटासाठी आपला विमा दुसऱ्या मोठ्या कंपनीकडे उतरवते. संकटे वाढली की तोही महागतो. त्याचा भार शेवटी हप्त्यावर येतो.

तिसरे कारण, खोटे क्लेम. जुनीच मोडतोड नवी म्हणून दाखवायची, एकाच्या नावावर दुसऱ्याची गाडी दुरुस्त करायची. असे करणारा म्हणतो, "कंपनीला फसवलं." कंपनीला नाही, डब्याला फसवले. डब्यात शेजाऱ्याचे पैसे होते.

चौथे कारण, गाडी कोठे नोंदलेली आहे हे. पुण्या-मुंबईसारख्या मोठ्या शहरात नोंदलेल्या गाडीला दर सहसा थोडा जास्त पडतो. तेथे गर्दी जास्त. सातारा-सांगलीच्या गाड्यांना त्या मानाने कमी पडतो.

तात्यांचे दार

"हे सगळं खरं," तात्या म्हणाले, "पण ४,००० चे ८,००० एका वर्षात कसे झाले?"

आम्ही विचारले, "तात्या, गेल्या साली क्लेम केला होता का?"

तात्या आठवू लागले. दिवाळीत गाडी मागे घेताना गोठ्याच्या दगडी भिंतीला दार घासले होते. दुरुस्तीला ३,००० रुपये लागले. त्यातले पहिले १,००० मालकानेच सोसायचे असतात. बाकीचे २,००० कंपनीने दिले.

तेथेच सगळी गोम होती. जो वर्षभर क्लेम करत नाही त्याला पुढच्या साली आपल्या गाडीच्या भागात सूट मिळते. तिला 'नो क्लेम बोनस' म्हणतात. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, दुसऱ्यानंतर २५, तिसऱ्यानंतर ३५, चौथ्यानंतर ४५, पाचव्यानंतर ५०. ही एक शिडी आहे. पाच वर्षे नीट चढलात तर निम्मा हप्ता माफ. एक क्लेम केला की शिडीवरून थेट खाली.

तात्या शिडीच्या टोकावर होते. त्यांचा हप्ता खरा ८,००० च होता. निम्मा माफ होऊन ४,००० पडत होता. दाराचा क्लेम केला आणि ते जमिनीवर आले.

आता पुन्हा चढायचे. मूळ हप्ता ८,००० च राहिला असे समजू. यंदा ४,००० जास्त. पुढच्या साली २,४०० जास्त. मग २,०००, मग १,२००, मग ४००. एकूण १०,००० रुपये जास्त. शिवाय त्यावरचा कर.

२,००० रुपये घेतले आणि १०,००० रुपये दिले!

तात्यांनी कपाळाला हात लावला. "हे मला कुणी सांगितलंच न्हाई."

कागदात ते लिहिलेले होते. तात्यांना तेव्हा वाचता येत नव्हते, एवढेच.

आपल्या हातात काय आहे?

पूर आपल्या हातात नाही. सुट्या भागांचे भाव आपल्या हातात नाहीत. पण पुष्कळ गोष्टी आपल्या हातात आहेत.

बारीकसारीक दुरुस्ती खिशातून करा. क्लेम मोठ्या नुकसानीसाठी राखून ठेवा. क्लेम करण्याआधी तात्यांसारखा हिशेब मांडून पाहा.

मुदत संपण्याआधी विमा नवा करा. मुदत संपून ९० दिवस उलटले की साठलेला बोनस जातो. आणि मधल्या दिवसांत अपघात झाला तर एक रुपयाही मिळत नाही. घरच्या रानावर वेळ येते.

दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. आपल्या गाडीच्या भागात फरक पडतो. पण नुसता भाव पाहू नका. कशाची भरपाई मिळेल आणि कशाची नाही, तेही वाचा.

पूरपट्ट्यात राहत असाल तर फक्त थर्ड पार्टीवर राहू नका. पुरात बुडालेल्या गाडीला त्यातून काही मिळत नाही. फुल इन्शुरन्स असला तरी एक गोष्ट ध्यानात ठेवा. बुडालेली गाडी चालू करायला जाऊ नका. इंजिनात पाणी असताना गाडी चालू केली तर इंजिन फुटते. मग त्याची भरपाई कंपनी नाकारू शकते. गाडी आहे तशी ठेवा, फोटो काढा, कंपनीला कळवा आणि ओढूनच न्या.

घरची गाडी वडापला लावू नका. खाजगी विमा घरच्या वापराचा असतो. भाडे घेऊन माणसे नेताना अपघात झाला तर कंपनी हात वर करते. दारू पिऊन किंवा लायसन्स नसताना गाडी चालवली तरी तसेच.

आणि शेवटची गोष्ट. अपघातच कमी करा. पुणे-बंगळूर महामार्ग खंबाटकी घाट उतरून सातारा, कराड, पेठ नाका असा आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून जातो. गळीत हंगामात रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर रस्त्याने चालतात. मागे दिवा नसला, चमकणारी लाल पट्टी नसली, तर मागच्याला ट्रॉली दिसतच नाही. पट्टी थोड्या रुपयांत मिळते. एक पट्टी एका घराचा कर्ता वाचवू शकते. डबा भरलेला राहण्याचा हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे.

पुढच्या आठवड्यात तात्या पावती घेऊन आले. दोन ठिकाणी चौकशी केली होती. एके ठिकाणी ५०० रुपये कमी पडले. तेथे त्यांनी विमा काढला. पावती त्यांनी स्वतः वर्गात वाचून दाखवली. पहिली ओळ वाचताना ते थांबले आणि मावशींना म्हणाले, "मावशी, हे ३,४१६ मला आता जड वाटत न्हाईत."

मग जाता जाता त्यांनी आम्हाला विचारले, "गुरुजी, ती लाल पट्टी कुठं मिळते? पुतण्याच्या ट्रॉलीला लावायची हाय."

विचार करा आणि सांगा

१. गावातल्या बैलांच्या डब्याची वर्गणी कोणत्या दोन कारणांनी वाढली?
२. थर्ड पार्टी विम्यातून कोणाला भरपाई मिळते? कोणाला मिळत नाही?
३. तात्यांना २,००० रुपयांचा क्लेम १०,००० रुपयांना कसा पडला?
४. मावशींनी सांगितलेल्या गोष्टीत दोन घरे बुडाली. ती कशाने वाचली असती?

करून पाहा

आपल्या घरी गाडी किंवा मोटारसायकल असेल तर तिच्या विम्याचा कागद बाहेर काढा. मुदत कोणत्या तारखेला संपते, ते शोधा. ती तारीख वहीत मोठ्या अक्षरांत लिहा आणि घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.